सोळा तारखेची साडेसात मिनिटं

४ फेब्रुवारी

ताई,

वर 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. 'प्रिय' लिहिलं, तेही माझ्या हातून शोभेना. म्हणून नुसतं ताई. चोवीस वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागायला आलं असेल, असं तुला वाटणार. मागायचं काही नाही. एक गोष्ट कळवायची आहे.

मी अजून त्याच चुंबकीय वेधशाळेत आहे. निरीक्षकाचा वरिष्ठ निरीक्षक झालो, म्हणजे काम तेच, फक्त खुर्चीला हात आले. ऑक्टोबरात निवृत्त होईन. आमच्याकडे एक तरुण संशोधक मुलगी आली आहे. ती चालते धावल्यासारखी आणि बोलते त्याहून जोरात. सगळे तिला वावटळ म्हणतात, तिच्या तोंडावरसुद्धा. जुन्या कागदी नोंदी संगणकात उतरवायचं काम तिच्याकडे आहे. गेल्या सोमवारी ती तुझ्या त्या मार्च महिन्यापाशी येऊन थांबली.

"काका, ही भानगड काय आहे?" तिनं विचारलं. मी तिला काय सांगितलं ते तुलाही सांगतो, म्हणजे मी काही वेडंवाकडं बोललो नाही हे तुला कळेल.

मी सांगितलं, माझी थोरली बहीण त्या हिवाळ्यात ध्रुवाजवळच्या ठाण्यावर होती. दर मिनिटाला आकाशाचा एक फोटो घेणारा कॅमेरा सांभाळायची. तिचं म्हणणं असं, की तिथला ध्रुवीय प्रकाश तासन्‌तास शांत पट्ट्यासारखा पडून असतो आणि मग एकाएकी भडकतो. तो भडकतो त्याच मिनिटाला, फार तर एखादं मिनिट पुढेमागे, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र नाडीसारखं थरथरायला लागतं. मिनिटाला एखादा ठोका, असे दहा-पंधरा ठोके, की शांत. आणि ही स्पंदनं हजारो मैलांवर, जिथे कुणी जन्मात तो प्रकाश पाहिला नाही, तिथल्या आपल्या वेधशाळेतल्या कागदावरही उमटतात. महिन्याभरात तिच्याकडे चौदा वेळा प्रकाश भडकला. आपल्या कागदावर स्पंदनंही चौदाच निघाली. पण वेळा जुळेनात. आपली स्पंदनं तिच्या प्रकाशाच्या आधीच येत होती, कधी दोन मिनिटं, कधी सात. चौकशी समितीनं ठरवलं, तिकडच्या थंडीत तिचं घड्याळ बिघडलं असणार. तिचा दुसरा हिवाळा रद्द झाला, आणि तिनं संशोधन सोडलं.

"आणि आपलं घड्याळ?" वावटळीनं विचारलं.

"ते रोज सकाळी दहाला रेडिओच्या ठोक्यांशी ताडून बघायचो."

मग तिनं तपासणीची वही काढली. बराच वेळ बघून म्हणाली, "काका, महिन्याभराच्या बरोबरच्या खुणा एकाच शाईत आहेत."

ताई, शक्यता आहे की त्या महिन्यात दोन-तीन दिवस माझ्याकडून तपासणी राहिली असेल. तेव्हा कामाचा व्याप होता. आपलं घड्याळ दिवसाला अर्धं मिनिट मागे पडायचं, म्हणजे फार तर दीड मिनिटाचा फरक. त्यानं फार काही बदलत नाही. पण कळवावंसं वाटलं.

तुझी शाळा कशी आहे? निवृत्त झालीस तरी गणित शिकवायला जातेस ना अजून?

तुझा भाऊ


२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही. "तीन दिवस म्हणतोस. कोणते तीन?" एवढंच विचारलंस आणि खाली चौदा तारखा, प्रत्येकीपुढे फरक. म्हणजे तो कागद तू चोवीस वर्षं जपून ठेवलास. मला वाटलं होतं, फाडून टाकला असशील.

तारखा मी वाचल्या. चारला दीड-दोन मिनिटं, आठला साडेतीन, चौदाला साडेसहा. तीन दिवस घड्याळ न लावल्यानं साडेसहा मिनिटं कशी येतील, हे तू विचारलंही नाहीस. शाळेतल्या मुलींना असंच फळ्यापाशी उभं करून गप्प बसत असशील.

तर सांगतो. तीन दिवस नव्हे. सबंध महिना मी घड्याळ तपासलं नाही. बरोबरच्या खुणा एकतीस मार्चला जेवणानंतर एका दमात केल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत.

कारणही सांगतो. बाजारात तेव्हा चष्म्याचं एक दुकान होतं. तिथली मुलगी साडेनवाला शटर उघडायची आणि अकरापर्यंत गिऱ्हाईक फिरकायचं नाही. मी नंबर तपासायला गेलो तो रोज जायला लागलो. तुला ती माहीत आहे, मी तिच्याशीच लग्न केलं. मोठे साहेब साडेअकराला यायचे, तोवर मी जागेवर असायचो. कुणाला पत्ता लागला नाही.

हे पत्र इथवर लिहून मी तिला वाचायला दिलं. वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला तू सांगितलं होतंस, सकाळी तुला सुट्टी असते."

"तेव्हा तसंच सांगावं लागलं."

"आणि आता ताईंना सांगतोयस की माझ्यापायी झालं."

"तसं कुठे लिहिलंय?"

"तसंच लिहिलंय. मी काही तुला हाताला धरून बसवलं नव्हतं. माझ्या डोक्यावर हे घालू नकोस."

ती आतल्या खोलीत गेली आणि दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी तो मजकूर खोडणार होतो, पण मग तुला पुन्हा अर्धवटच कळलं असतं. म्हणून राहू दिला आहे. तू तो तिच्या म्हणण्यासकट वाच.

एवढंच म्हणतो, की घड्याळ इतकं मागे पडलंय याची मला कल्पना नव्हती. समितीपुढे मी जे बोललो ते न कळता बोललो. आळशीपणा माझा होता. पण तुझं वाईट करायचं म्हणून काही केलं नाही.

तुझा भाऊ


२० मार्च

ताई,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी नऊ दिवस खिशात घेऊन फिरलो. "चौदा तारखेला फरक साडेसहा मिनिटं. सतरा तारखेला जवळजवळ नाहीच. मधे घड्याळ कोणी लावलं?"

पहिल्या दिवशी मनात उत्तरं जुळवली. वीज गेली असेल. दुसऱ्या कुणी लावलं असेल. मोठे साहेब आता हयात नाहीत, त्यांच्यावर ढकललं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं. हे मी खरोखर मनात आणलं, ताई. तीन दिवस ते मला पटतही होतं. मग तू पाठवलेला कागद पुन्हा उलगडला. फरक वाढत वाढत जातो, सोळाच्या आसपास एकदम तुटतो आणि सतरापासून पुन्हा अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं चढायला लागतो. तो कागद बघून थाप मारायची हिंमत झाली नाही.

घड्याळ मी लावलं.

नोंदीच्या फोटोकागदाची गुंडाळी पंधरा दिवस पुरायची, हे तुला माहीत आहे. सोळाला ती बदलायला गेलो. नेहमीसारखं पट्टा, किल्ल्या, मनगटावरचं घड्याळ, जे जे लोखंडाचं ते बाहेरच्या परातीत काढून ठेवलं. आत तो लाल दिवा आणि औषधी पाण्याचा वास. शेजारच्या खोलीत सोबतीला म्हणून रेडिओ लावला होता. गुंडाळी चढवत असताना दहाचे ठोके पडले. सहज खोलीतल्या घड्याळाकडे बघितलं तर दहाला साडेसात मिनिटं कमी.

कागदावर दर तासाची खूण ते घड्याळच उमटवायचं. म्हणजे पंधरा दिवसांची प्रत्येक वेळ चुकीची छापली गेली होती. वहीत एक ओळ लिहायची होती, 'घड्याळ साडेसात मिनिटं मागे होतं, लावून घेतलं.' तेवढं लिहिलं असतं तर सगळं निस्तरलं असतं. पण वहीत मागचे पंधरा रकाने कोरे होते. ती ओळ लिहायची म्हणजे ते कोरे का, हे सांगणं आलं. मी काटा पुढे घेतला, पट्टा बांधला आणि बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चष्म्याच्या दुकानात गेलो. हे मला सर्वांत जास्त लागतं. कळल्यावरसुद्धा पुढचे पंधरा दिवस मी तपासायला गेलो नाही.

म्हणजे समितीपुढे मी न कळता बोललो, हे खोटं. मागच्या पत्रातही तुला खोटंच लिहिलं.

समितीचा दिवस तू विसरली नसशील. मोठ्या साहेबांनी दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. तुझ्या वहीत अकरा दिवसांपुढे लिहिलेलं, 'वेळेचा संकेत ऐकू आला नाही.' प्रकाश जोरात असला की तिकडे रेडिओ मुका होतो, हे तू दोनदा समजावून सांगितलंस. माझ्या वहीत एकही दिवस चुकला नव्हता. साहेब म्हणाले, "एकीकडे अकरा भोकं, दुसरीकडे एकही नाही. आम्ही कुणाचं धरायचं?"

मग ते तुझ्या सोळा तारखेवर आले. त्या दिवशी तुला संकेत स्पष्ट ऐकू आला होता आणि तू लिहिलं होतंस, 'घड्याळ बरोबर.' साहेब म्हणाले, "बाईंनी सोळाला घड्याळ लावून घेतलं आणि नोंद टाळली. म्हणूनच सतराला फरक मिटला."

तू उभी राहिलीस. "मी लावलं नाही. लावलं असतं तर लिहिलं असतं."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे सोळाला काही वेगळं?"

"नाही साहेब. नेहमीप्रमाणे तपासलं. बरोबर होतं."

"सख्खा भाऊ सांगतोय, म्हणजे शंकेला जागा नाही," साहेब म्हणाले आणि वही मिटली.

मी जे केलं होतं त्याचा ठपका अक्षर न बदलता तुझ्यावर बसला, आणि मी समोर मूग गिळून बसलो. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस. माझ्यावर रागावली नव्हतीस. माझं घड्याळ बरोबर, तुझंही बरोबर, मग तिसरं काय असेल, असा विचार तुझ्या चेहऱ्यावर होता. तो चेहरा मला अजून दिसतो.

महिन्यानं तू घरी विचारलंस. आपण जेवत होतो. "तू रोज जायचास ना रे?" इतक्या हळू विचारलंस, जणू तुलाच विचारायची लाज वाटत होती. मी ताट सरकवून उठलो. "आता माझ्यावर ढकलतेस?" असं ओरडलो. आई मधे पडली, "तुझं खापर धाकट्यावर फोडू नकोस." सकाळी तुझी खोली रिकामी होती.

आई गेली तेव्हा तू आलीस, फाटकाशी उभी राहिलीस आणि आत न येताच परत गेलीस. त्याआधीच्या आठवड्यातलं तुला कुणी सांगितलं नसेल. तिला बोलायला त्रास व्हायचा. मला जवळ बोलावून म्हणाली, "ताईचं चुकलं ते पोटात घाल. तू मोठं मन कर." मी तिचा हात धरून बसलो होतो. तेव्हा आमच्या दोघांशिवाय खोलीत कुणी नव्हतं, आणि ती कुणाला सांगायला उरणारही नव्हती. तरी मी 'हो' म्हणालो. तुला माफ करतो असं आईला सांगितलं.

हे लिहायचं टाळता आलं असतं. तरी लिहिलं, कारण सोळाचं कबूल करून हे मागे ठेवलं असतं तर मी पुन्हा तिथेच असतो.

हे पत्र पेटीत टाकून मी संचालकांकडे जाणार आहे. वावटळीला कालच सांगितलं. तिला काय वाटेल याची धास्ती होती. तिनं आलेखाचे कागद पुढे ओढले. मग म्हणाली, "काका, पहिल्या पंधरवड्यात रोज अर्धं मिनिट, दुसऱ्यातही रोज अर्धं मिनिट. म्हणजे नोंदी वाया गेलेल्या नाहीत. दुरुस्त करता येतील." आणि लगेच आकडेमोडीला बसली. माझ्याकडे तिनं वर बघितलंही नाही.

तुझा भाऊ


११ एप्रिल

ताई,

यावेळी तुझ्याकडून काहीच आलं नाही, तेच योग्य आहे. फक्त कळवतो. संचालकांनी माझा लेखी जबाब घेतला. आमचे हे संचालक वयानं माझ्या निम्मे. वाचताना त्यांचे कान लाल झाले, जणू चूक त्यांचीच होती. म्हणाले, "निवृत्तीला सहा महिने राहिलेत. हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं." मी म्हटलं, "चाललंच होतं, साहेब. चोवीस वर्षं चाललं."

मला तपासणीच्या कामावरून काढलं आहे. तेही योग्यच. आता मी ग्रंथालयात पुठ्ठे चिकटवतो. सहकारी वाईट वागत नाहीत, पण मी चहाला गेलो की बोलणं थांबतं आणि मग हवेबद्दल सुरू होतं. बायकोनं मात्र परवा आपण होऊन विचारलं, "ताईंना लिहिलंस? सगळं?" मी म्हटलं, सगळं. तिनं मी काढून ठेवलेला शर्ट उचलला आणि त्याला इस्त्री केली. बस, एवढंच.

दोन जूनला वावटळ तुझ्या चौदा घटना सभेत मांडणार आहे. शोधाचं नाव तुझं आहे, तिचं खाली सहायक म्हणून. तिनं तुला वेगळं निमंत्रण धाडलं आहे. मी तिथे जबाब वाचणार आहे. मी असणार म्हणून तू यायचं टाळू नकोस. तुला नको असेल तर मी वाचून लगेच निघून जाईन.

तुझा भाऊ


३ जून

ताई,

काल तू आलीस. केस सगळे पिकले आहेत. मी तुला चालीवरून ओळखलं.

मी जबाब वाचला तेव्हा एकदाही तुझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं वाचता आलं नसतं. मग वावटळीनं पडद्यावर आलेख दाखवला. आधी जुना, करवतीच्या दातांसारखा. मग दुरुस्त केलेला. चौदापैकी बारा घटनांत तुझा प्रकाश आणि आमची स्पंदनं एका मिनिटाच्या आत. सभागृहात कुणीतरी हळूच 'वा' म्हणालं. तो उद्गार तुला चोवीस वर्षांपूर्वी मिळायचा होता.

मग तू हात वर केलास. मला वाटलं, वावटळीला काही विचारशील. तू माझ्याकडे वळलीस.

"सोळा तारखेला आपण घड्याळ किती मिनिटांनी पुढे घेतलंत?"

'आपण' म्हणालीस. रांगत होतो तेव्हापासून तू मला अरे-तुरे केलंस, कान पिळलेस, 'गाढवा' म्हणालीस. काल पहिल्यांदा 'आपण'. मी माईक धरून उभा होतो.

"साडेसात," मी म्हणालो.

"नक्की साडेसात? की आत्ता आलेखावरून सांगताय?"

"नक्की. दहाचे ठोके पडत होते आणि काटा नऊ बावन्नच्या पुढे होता."

"नोंद का केली नाहीत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जबाबात मी 'कर्तव्यात कसूर' वगैरे लिहिलं होतं, ते इथे चालणार नव्हतं.

"पकडला गेलो असतो म्हणून."

"धन्यवाद," तू म्हणालीस आणि खाली बसून लिहायला लागलीस.

नंतर मी पायऱ्यांपाशी थांबलो. बोलायला नव्हे. तू दिसलीस की निघायचं असं ठरवलं होतं. तू आणि वावटळ बोलत बोलत बाहेर आलात. राहिलेल्या दोन घटनांवर बोलणं चाललं होतं. ती म्हणत होती, काहीतरी करून त्याही बसवता येतील. तू म्हणालीस, "नसतील बसत तर नको बसवू. आकाश काय आपल्याला विचारून भडकतं?" आणि हसलीस. ती तर मोठ्यानं हसली. पायऱ्यांवरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. मी तुझ्या निम्म्या आयुष्याचं काय केलं, ते मला काल सभागृहात कळलं नव्हतं. ते तिथे कळलं. ही चोवीस वर्षं तू अशीच कुणाबरोबर बोलत, हसत जिन्यानं उतरली असतीस.

मी वळलो तेवढ्यात तू हाक मारलीस. नावानं नाही. "जरा थांबा."

तू वही उघडून माझ्यासमोर धरलीस. दोन तारखा होत्या, अकरा आणि सव्वीस.

"या दोन दिवशी घड्याळाला कुणी हात लावला होता?"

"नाही."

"वहीत किंवा कागदावर नंतर काही फेरफार?"

"नाही. ताई, यात काहीच नाही. आता काही राहिलं नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. मग पेन काढून दोन्ही तारखांपुढे लिहिलंस, 'निरीक्षक म्हणतात, फेरफार नाही.' आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह काढलंस. बारीक, पण स्वच्छ. माझ्यापासून लपवलं नाहीस, वही माझ्यासमोरच होती.

तुम्ही दोघी फाटकाकडे गेलात. मी घरी चालत आलो. बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी तिला प्रश्नचिन्हाचं सांगितलं. ती म्हणाली, "मग? तुला काय, पूर्णविराम हवा होता?"

नको होता. त्या दोन दिवशी मी खरंच काही केलेलं नाही, ताई. पण माझ्या नुसत्या शब्दावर तू ते चिन्ह खोडू नकोस. असू दे ते तिथे.

तुझा भाऊ